लिलावाच्या रात्रीच निकाल लावणाऱ्या समालोचकास खुले पत्र

समालोचक महाशय,

तुमचं नाव लिहीत नाही. भोसरीपासून चाकणपर्यंत गावोगावच्या स्पर्धांत माइक धरणारे, दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कँटीनमध्ये तोच आवाज लावणारे आणि प्रो कबड्डीचा लिलाव संपायच्या आत कोण लुटला गेला, कुणी बाजी मारली हे ठरवून मोकळे होणारे तुम्ही एकटे नाही. हे पत्र आपल्यालाच आहे असं ज्याला वाटेल, त्याचंच ते आहे.

आरोप सरळ आहे. गड्याला मिळालेली बोली आणि गड्याची लायकी या दोन गोष्टी तुम्ही एक करून टाकल्यात. स्वतःपुरतं केलं असतंत तर मी कागद खराब केला नसता. पण माइक तुमच्या हातात आहे, आणि मैदानाच्या कडेला मांडी घालून बसलेली दहावी-बारावीची पोरं तुमचं बोलणं खरं मानतात. त्यांना मी शिकवतो. तुम्ही रात्री जे बोलता ते सकाळी मला निस्तरावं लागतं.

तुमचेच जुने निकाल काढू. ऑक्टोबर २०२३चा लिलाव आठवा. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला ३३-२९ असं हरवून दोन दिवस झाले होते. त्या वादग्रस्त अंतिम सामन्याची चर्चा थांबलेली नव्हती, आणि इकडे इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईला पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतलं. तेव्हाचा तो विक्रम. त्याच लिलावात पवन सेहरावतवर तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार लावले आणि विक्रम मोडला. तुम्ही लगेच सांगून टाकलंत की चढाईपटूवर एवढा पैसा समजू शकतो, पण कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या गड्यावर निम्मी थैली रिकामी करणारा संघ शहाणा नाही.

१ मार्च २०२४ला हैदराबादेत पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. शादलुई त्या हंगामाचा सर्वोत्तम पकडपटू ठरला, ९९ गुण. तुमचा निकाल फिरला: पुण्याने सोनं घेतलं होतं म्हणे. ऑगस्ट २०२४च्या लिलावाआधी पलटणने त्याला सोडलं आणि हरियाणाने २ कोटी ७ लाखांना उचललं. तुमचा निकाल पुन्हा फिरला: बरं झालं, एवढा महागडा गडी दरवर्षी कोण पोसणार? मग २९ डिसेंबर २०२४ उजाडला. अंतिम सामना आपल्याच दारात, म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात. हरियाणाने पाटणा पायरेट्सला ३२-२३ हरवलं. ज्या गड्याने मार्चमध्ये पुण्यासाठी चषक उचलला, त्याने डिसेंबरमध्ये पुण्यात येऊन तो दुसऱ्याच्या जर्सीत उचलला, आणि हंगामाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच झाला. पलटण तेव्हा आठव्या क्रमांकावर राहून बाद फेरीच्या बाहेर होती. तुम्ही पलटणच्या लिलावाच्या टेबलावर बसणाऱ्यांना मूर्ख ठरवलंत.

पंधरा महिन्यांत चार निकाल, चारही ठाम आणि एकमेकांच्या उलट. निकाल बदलला म्हणून माझा राग नाही, माणसाने मत बदलावं. राग याचा आहे की चारही वेळा तुम्ही पाहिलं एवढंच, की काल काय झालं. व्यवहार पाहिलाच नाहीत.

व्यवहार पाहायचा तर थैलीपासून सुरुवात करावी लागते. दहाव्या हंगामापासून संघाची थैली ५ कोटींची. तेवढ्यात अठरा ते पंचवीस गडी बसवायचे. सर्वात वरच्या गटातल्या गड्याची पायाभूत किंमत ३० लाख, खालच्या गटाची ९ लाख. एकावर २ कोटी ३५ लाख घालवले की उरलेल्या पैशात सतरा-अठरा माणसं उभी करायची. ती कुठून आणायची? पलटणजवळ ती आधीच होती. आठव्या हंगामात नवोदित म्हणून उचललेली पोरं एव्हाना तयार झाली होती: श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार आणि त्याच्याबरोबरचा मोहित गोयत. शिवाय नाशिकचा आकाश शिंदे, तमिळनाडूचा अबिनेश नादराजन, पंकज मोहिते आणि संकेत सावंत. लिलावात ज्यांची नावं ऐकून कुणी मान वर केली नसती, त्या पोरांना पलटणने मॅटवर उतरवलं, हरू दिलं, पुन्हा उतरवलं. डिसेंबर २०२२मध्ये मुंबईत जयपूरकडून अंतिम सामना २९-३३ असा गमावला, तरी ही फळी मोडली नाही. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या सुवर्णपदकी संघात अस्लम आणि आकाश दोघेही होते.

म्हणजे शादलुईचे २ कोटी ३५ लाख या पोरांनी दिले होते. ती स्वस्तात हाताशी होती म्हणून तो महाग गडी परवडला. आणि चढाईची बाजू भरलेली होती म्हणूनच त्या रकमेला अर्थ होता, कारण संघाला नेमका डावा कोपरा हवा होता. ती जागा भरल्यावर बावीस साखळी सामन्यांत सतरा विजय, तीन बरोबरी आणि अवघे दोन पराभव. तेलुगू टायटन्सने त्याच लिलावात त्याहून मोठी रक्कम देशातल्या सर्वात मोठ्या चढाईपटूवर लावली, आणि त्या हंगामात त्यांना बावीस सामन्यांत दोन विजय मिळाले. तळाचं स्थान. पवन सेहरावतने गुण कमी मिळवले म्हणून ते तळाला गेले नाहीत. तो बाद होऊन बाकावर बसला की त्याला परत आत आणायला पकड करणारं कुणी हवं, ते नव्हतं. मोठ्या चढाईपटूची किंमत त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या सहा जणांवर ठरते, ही गोष्ट गल्लीत हुतूतू खेळलेल्या कोणत्याही माणसाला ठाऊक असते. तुम्हालाही ठाऊक आहे, कारण तुम्ही खेळलेले आहात. म्हणूनच तुमच्यावरचा राग जास्त आहे.

आता सोडण्याचा व्यवहार. शादलुईला सोडलं म्हणून पलटण आठवी आली, हे तुमचं डिसेंबर २०२४चं गणित. त्याच हंगामात कर्णधार अस्लमचा गुडघा दुखावला आणि तो उरलेल्या सामन्यांना मुकला, हे तुमच्या गणितात कुठे आहे? तो उभा असता तर पलटण कुठे असती, हे कुणी सांगू शकत नाही. तुम्ही मात्र सांगितलंत. बरं, बालेवाडीच्या अंतिम सामन्यात हरियाणाचा सर्वाधिक गुण मिळवणारा चढाईपटू कोण होता? शिवम पटारे, आपल्या महाराष्ट्राचा, नवोदित म्हणून त्यांनी घेतलेला. त्याचे नऊ गुण, शादलुईचे सात. हरियाणाने तेच केलं जे वर्षभरापूर्वी पलटणने केलं होतं: घरची तयार पोरं आणि त्यात एक महागडा इराणी कोपरा. बालेवाडीच्या त्या रात्री तुम्ही फक्त २ कोटी ७ लाख पाहिलेत आणि पटारेचं नाव तुमच्या तोंडून एकदाच आलं.

मी शादलुईला सोडणं योग्य होतं असंही म्हणत नाही. मला विचाराल तर त्याला राखायला हवं होतं. अंतिम रेषेपाशी उभं राहून समोरच्या चढाईपटूला तिसऱ्या निर्णायक चढाईत घाम फोडणारा असा गडी पिढीत एखादाच येतो. तो कधी उतावीळपणे आधीच झेप घेतो आणि गुण गमावतो, पण त्याच्या भीतीने समोरचा अर्धा पट्टा वापरत नाही, आणि ती भीती गुणफलकावर लिहिली जात नाही. हे माझं मत आहे, कारणांसकट. चूक निघालं तर कारण कुठे चुकलं ते शोधता येईल. तुमच्या निकालात कारणच नसतं, त्यामुळे तो चुकला काय आणि बरोबर आला काय, त्यातून पोरांना शिकायला काही मिळत नाही.

बाराव्या हंगामाचं तर तुम्ही नावच काढत नाही. मे-जून २०२५च्या लिलावात शादलुई २ कोटी २३ लाखांना गुजरात जायंट्सकडे गेला आणि पाटण्याकडून तीनशेच्या वर चढाईगुण मिळवलेला देवांक दलाल २ कोटी २० लाख ५० हजारांना बंगालकडे. तुमच्या हिशेबाने हे दोन संघ अंतिम सामना खेळायला हवे होते. दोघेही बाद फेरीत नव्हते. पुणेरी पलटण, प्रशिक्षक अजय ठाकूरच्या हाताखाली, परतलेल्या अस्लमच्या नेतृत्वाखाली, साखळीत पहिली आली. आदित्य शिंदेसारखा नवा पोरगा तिच्या चढाईचा भार वाहत होता. ३१ ऑक्टोबर २०२५ला दिल्लीत अंतिम सामना २८-३१ असा गेला. हरवणाऱ्या दबंग दिल्लीत फझल अत्राचली होता, ज्याला २०२२मध्ये पलटणनेच १ कोटी ३८ लाखांना घेतलं होतं. दिल्लीला तो त्या रकमेच्या लहानशा भागात मिळाला होता. त्याच पलटणमध्ये या वेळी सचिन तन्वर होता. आदल्या वर्षी तमिळ थलायवाजने त्याला सर्वात महाग, २ कोटी १५ लाखांना घेतलं आणि संघ नववा आला. पुण्याने त्याला जवळपास निम्म्या किमतीत आणलं. गडी तोच, गुडघे तेच, वर्षभरात किंमत निम्मी. मग त्या किमतीत तुम्ही नेमकं काय वाचत होता?

चंदगडच्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई तुमचा लाडका. सहाव्या हंगामात यू मुंबाला तो ३६ लाख ४० हजारांत मिळाला आणि त्याने मैदानं गाजवली. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. तो धष्टपुष्ट, गुणी, पण टायटन्स त्या हंगामात अकरावे. त्याआधी २०१८मध्ये मोनू गोयतला १ कोटी ५१ लाख देणारा हरियाणाचा संघ आपल्या गटात तळाला. २०१४च्या पहिल्या लिलावात सर्वात महाग ठरलेला राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना गेला होता. आज खालच्या गटाची पायाभूत किंमतच ९ लाख आहे. मैदान मात्र तेच, तेरा मीटर बाय दहा मीटरचं.

किमतीचा आणि निवडीचा हिशेब कसा ठेवावा, हे शिकायचं असेल तर ऑस्ट्रेलियाकडे पाहा. तिथे लंबगोल चेंडूचा, अठरा-अठरा गड्यांचा स्वतःचा एक फुटबॉल खेळतात. त्यांच्या मोठ्या लीगमध्ये आपल्यासारखा लिलाव होत नाही. ऑक्टोबरमध्ये क्लब आपसांत खेळाडूंची देवाणघेवाण करतात आणि नोव्हेंबरमध्ये अठरा वर्षांच्या पोरांची क्रमाने निवड होते. तळाला राहिलेल्या क्लबचा पहिला हक्क, आणि हा हक्कही बदल्यात देता-घेता येतो. २०१५ पासून प्रत्येक क्रमांकाला गुणांमध्ये किंमत ठरवली गेली: पहिल्या क्रमांकाला ३००० गुण, पुढे उतरत जाणारे. क्लबच्या जुन्या खेळाडूचा मुलगा किंवा स्वतःच्या अकादमीतलं पोर घ्यायचं असलं की त्या हिशेबाने हक्क मोजून द्यावे लागतात. त्यामुळे भावनेलाही भाव आहे आणि तो सगळ्यांना आधीच माहीत आहे.

त्यांच्याकडेही तुमच्यासारखे लोक असतीलच. पण त्यांची २००१ची निवड पाहा. पहिल्या क्रमांकावर हॉथॉर्नने ल्यूक हॉज घेतला, आणि पुढे त्याने चार विजेतेपदं मिळवून दिली. म्हणजे पहिली निवड चुकली नव्हती. त्याच यादीत अठ्ठावन्नाव्या क्रमांकावर कॉलिंगवूडने डेन स्वान नावाचा पोरगा घेतला. २०११मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरून ब्राउनलो पदक घेऊन गेला. अठ्ठावन्नावा क्रमांक किती मोलाचा होता हे कळायला दहा वर्षं लागली. नोव्हेंबर २००१च्या रात्री ते कुणाला सांगता आलं असतं? तुम्ही सांगितलं असतंत, एका दमात.

आपल्या पट्ट्यात तर हे समजायला ऑस्ट्रेलियाही नको. चाकणच्या कुठल्याही लाइनवर सुटा भाग त्याच्या बिलावरचा आकडा बघून पास होत नाही. गेज लागतो, भाग बसवून पाहतात, गाडी चालवतात, आणि महिन्यांनी तक्रार आली तर त्या लॉटचा माग काढतात. कँटीनमध्ये तुमच्यासमोर बसलेली माणसं पाळीभर हेच काम करून आलेली असतात. त्यांना तुम्ही सांगता की माणसाचा निकाल मात्र बिलावर लागतो.

याचा परिणाम काय झाला, तो माझ्या मैदानावर येऊन बघा. आमच्याकडे बीडकडून आलेला एक पोरगा आहे. निघोज्याच्या बाजूला कंत्राटावर कामाला लागलेला, पहिली पाळी सुटली की थेट मैदानावर. डाव्या कोपऱ्यात त्याच्यासारखा गडी या भागात मी फार पाहिलेला नाही. घोटा धरण्याची वेळ त्याला आतून कळते. जत्रेच्या एका स्पर्धेत तुम्ही माइकवरून म्हणालात की कोपऱ्याला बाजारात भाव नाही, भाव चढाईला. लोक हसले. त्या आठवड्यापासून पोरगा मला म्हणतो, सर, मला चढाई द्या. त्याची लांबी कमी, पाय जड, चढाईत तो मध्यमच राहणार. कोपऱ्यात तो जिल्ह्यापर्यंत जाईल, कदाचित पुढेही. शादलुईचा एक व्हिडिओ त्याला पन्नास वेळा दाखवला तरी तुमचं एक वाक्य त्याच्या डोक्यातून जात नाही.

असा तो एकटाच नाही. सरावाला येणाऱ्या पोरांना जागा विचारली की सात-आठ जण चढाई सांगतात, कोपऱ्याला कुणी तयार नसतं, आणि मध्यरक्षक म्हटलं की तोंड वाकडं होतं. मध्यरक्षक, ज्याच्या धक्क्याशिवाय कोपऱ्यातली पकड टिकत नाही! पकडीचा गुण ज्याने घोटा धरला त्याच्या नावावर जातो. शेजारच्याने साखळी सोडली नाही, खांदा लावून चढाईपटूला निदानरेषेच्या आत थोपवलं, त्याचा गुण कुठेच लिहिला जात नाही. गुणांवरून बोली ठरते, बोलीवरून तुमचा निकाल ठरतो, आणि तुमच्या निकालावरून आमची पोरं आपली जागा ठरवतात. अशा रीतीने जो गडी संघाला जिंकवतो, तो घडायच्या आधीच संपतो. यात लिलावाचा दोष आहेच, पण लिलाव आमच्या जत्रेत येत नाही. तुम्ही येता.

चाकणच्या या पट्ट्यात हजारो पोरं दुसऱ्या जिल्ह्यांतून कंत्राटावर येतात. त्यांच्या रोजंदारीचा आकडा कंत्राटदार ठरवतो, तो कधी त्यांच्या कामाचा आकडा नसतो. दिवसभर त्यांच्यावर दुसऱ्याने लावलेली किंमत असते. संध्याकाळी मैदानावर येतात तेव्हा निदान तिथे तरी त्यांनी काय केलं ते बघितलं जावं, एवढंच त्यांना हवं असतं. अव्वल पकड केली तर टाळी मिळावी, लोण वाचवला तर नाव घेतलं जावं. तिथेही तुम्ही भाव विचारता.

तुम्ही माइक सोडावा असं मी म्हणत नाही. तुमचा आवाज चांगला आहे, तुम्हाला खेळ दिसतो, आणि तुम्ही आलात की गर्दी थांबते. म्हणून एकच मागणी करतो. पुढच्या लिलावाच्या रात्री तुमचा निकाल कागदावर लिहा: कोणता संघ, कोणता गडी, किती रक्कम, आणि त्या संघाला ती जागा का हवी होती किंवा का नव्हती. खाली तारीख आणि सही. तो कागद मी आमच्या मंडळाच्या फळ्यावर लावतो, आणि त्याच्या शेजारी माझाही लावतो. तीन हंगाम कुणी काढायचा नाही. आणि येत्या जत्रेत त्या बीडच्या पोराने पकड केली की माइकवरून त्याचं नाव घ्या, त्याची जागा सांगा. डावा कोपरा.

चाकण पट्ट्यातला एक कबड्डी प्रशिक्षक